समोर नसलेला माणूस

ऑडिशनची तारीख कळली की विद्यार्थी नट आधी आरशासमोर उभा राहतो, आणि तयारीची वाट तिथेच चुकते असे माझे मत आहे. आरशात त्याला दिसतो तो स्वतःचाच चेहरा. मग भुवई किती उंचावली, हात कुठवर गेला, डोळ्यांत पाणी आले की नाही याचा हिशेब सुरू होतो, आणि ज्याला उद्देशून नाटककाराने ते बोलणे लिहिले त्या पात्राची आठवण कोणालाच राहत नाही.

ऑडिशनला साधारणपणे एक-दोन मिनिटांचा उतारा मागतात. काही ठिकाणी परस्परांहून अगदी वेगळ्या प्रकृतीचे दोन. निवडीबद्दल फार सांगण्यासारखे नाही. आपल्या वयाला आणि आवाजाला पेलेल असा उतारा घ्यावा आणि तो घेण्यापूर्वी सबंध नाटक वाचावे, इतके पुरे. शेक्सपिअरचा लिअर स्वतःचे वय ऐंशीच्या पुढचे सांगतो. विशीतल्या मुलाने थरथरत्या हातांनी तो उभा केला, तर परीक्षकांना ना राजा दिसतो ना तो मुलगा. (म्हातारपणाचा हा मोह ऐन तारुण्यातच का व्हावा, कोण जाणे.)

खरे काम त्यानंतरचे आहे. नाटकात हे बोलणे बहुधा कोणाला तरी विनवण्यासाठी, दुखावण्यासाठी किंवा कोणापासून काहीतरी दडवण्यासाठी केलेले असते. ऑडिशनच्या खोलीत मात्र तो दुसरा माणूसच नसतो. असते एक टेबल आणि त्यामागे कागद चाळणारी काही अनोळखी माणसे. १८९८ मध्ये मॉस्को आर्ट थिएटर उभारणाऱ्या दोघांपैकी एक असलेल्या स्तानिस्लावस्की यांनी नटाला नाटकातल्या परिस्थितीचा शोध घ्यायला शिकवले: मी कोण, कुठे, कधी, आणि मला नेमके काय हवे आहे. विद्यार्थी या प्रश्नांची उत्तरे वहीत नीट लिहून काढतात, पण माझ्या पहिल्या वाक्याच्या क्षणभर आधी समोरचा काय बोलला, हे विचारायचे मात्र बऱ्याच जणांकडून राहून जाते. ते वाक्य नाटकात असेल तर उचलावे, नसेल तर स्वतः लिहावे. एखाद्या मित्राला समोर बसवून ते त्याच्याकडून वदवून घ्यावे, मध्येमध्ये त्याला अडवायलाही सांगावे, आणि काही तालमींनंतर मित्राला उठवून जागा रिकामी ठेवावी. तोवर ती पुरेशी भरलेली असते.

ही रिकामी जागा कुठे मांडायची, हाही तालमीचाच भाग आहे. परीक्षकांच्या चेहऱ्यावर ती ठेवू नये, कारण त्यांना टिपणे काढायची असतात आणि आपल्या भांडणात ओढले जाण्याची त्यांची तयारी नसते. फार बाजूला ठेवली तर आपला अर्धाच चेहरा दिसतो. टेबलाच्या किंचित एका अंगाला, त्यांच्या डोक्यांच्या थोडे मागे ती ठीक बसते. ऐकणारा माणूस बसलेला असेल तर नजर खाली हवी. तो मध्येच उठून निघाला, तर नजरेने त्याच्याबरोबर जायला हवे.

पाठांतराचा याच्याशी जवळचा संबंध आहे. एका बैठकीत घोकण्यापेक्षा तीच उजळणी काही दिवसांत विभागली तर अधिक टिकते, हे एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दाखवून दिले होते. तरीही आदल्या रात्रीची घोकंपट्टी काही थांबलेली नाही, आणि तिचा मोठा तोटा विसरण्यापेक्षा वेगळाच आहे. घोकताना शब्दांबरोबर त्यांची चालही पाठ होते. मग परीक्षक म्हणतात, ‘हेच आता कोणाच्या तरी कानात सांगितल्यासारखे बोला,’ आणि नट तीच चाल फक्त हळू आवाजात गातो. अशा वेळी पहिला प्रयत्न चूक होता असे क्वचितच असते. दिलेली सूचना हा मुलगा किंवा ही मुलगी उचलते का, एवढेच त्यांना पाहायचे असते. म्हणून शब्द सपाट पाठ करावेत, जिना चढताना, कपड्यांच्या घड्या घालताना, कोणताही भाव न लावता. भाव समोरच्या माणसाकडून यावा.

प्रत्यक्ष दिवशी तोंड कोरडे पडते आणि श्वास छातीतच अडकतो. पाण्याचा घोट आणि सावकाश, लांब सोडलेला उच्छ्वास यांनी थोडे सावरते, पुरते नाही. त्यातच बंद दारापलीकडून आपलाच उतारा दुसऱ्या कोणाच्या तरी खणखणीत आवाजात ऐकू येतो. यावर उपाय मला ठाऊक नाही.

उतारा संपल्यावर अनेकदा न पाहिलेले पान हाती देऊन वाचायला सांगतात. इथे गंमत अशी, की इतके दिवस कल्पनेने उभा केलेला माणूस आता खरोखर समोर असतो, आणि तो असतो सकाळपासून तीच वाक्ये एका सुरात वाचून कंटाळलेला कोणी साहाय्यक. त्याचे वाचन चालू असताना बहुतेक जण आपले पुढचे वाक्य शोधत कागदात डोके खुपसतात. अंगठा त्या ओळीवर ठेवून मान वर करावी आणि तो कंटाळा जसा आहे तसा ऐकून घ्यावा. त्या कंटाळ्याला दिलेले उत्तर आरशात बसवता आले नसते.