केसाएवढी रेघ

आज भोसरीच्या वर्कशॉपमध्ये सकाळीच मूड गेला. गॅस टर्बाइनचं एक ब्लेड, टोक झिजलेलं. परवा टिग वेल्डिंगने धातू वितळवून भरलं होतं, वेल्ड अगदी देखणा. मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटून झाली होती. आज भट्टीतून आल्यावर पेनिट्रंट (तड्यात शिरून यूव्हीखाली चमकणारं द्रव) लावला, अंधाऱ्या खोलीत यूव्ही दिवा धरला, तर केसाएवढी पिवळट हिरवी रेघ. तीही वेल्डमध्ये नाही बरं का, शेजारच्या मूळ धातूत!

ब्लेडचा धातू आयएन-७३८, निकेलचा मिश्रधातू, भलताच मानी. त्यात ॲल्युमिनियम आणि टायटॅनियम प्रत्येकी साधारण ३.४ टक्के. त्यांच्यामुळेच धातूच्या आत गॅमा प्राइम नावाचे बारीक, बळकटी देणारे कण तयार होतात आणि धातू लालबुंद तापला तरी ताकद सोडत नाही. पण वेल्डनंतर पुन्हा तापवताना हेच कण भराभर तयार होतात, धातू ताठरतो, अडकलेल्या ताणाला वाट मिळत नाही. मग तडकतो.

वर्कशॉपमधल्या काकांनी विचारलं, "वेल्डच्या आधी ११२० अंशांची हीट ट्रीटमेंट झाली होती?" झाली होती.

"मग करंट, अँपिअर किती ठेवलेस?"

मी गप्प.

"घरी पळायची घाई होती ना?"

होती. करंट वाढवला की काम लवकर उरकतं, पण उष्णता आणि ताणही वाढतो. आभाळ भरून आलं होतं, नाशिक फाट्यावर अडकलो असतो. (अडकलोच, ते सोडा.)

आता ती रेघ पूर्ण ग्राइंड करायची, परत तपासायची, परत भरायचं. फिलर, म्हणजे भरायची तार, ६२५ या निकेल मिश्रधातूची. ७३८ पेक्षा मऊ आहे, पण टोकावर भार कमी, तिथे चालतो.

उद्या अँपिअर काका स्वतः लावणार आहेत. मला मशीनच्या नॉबला हात लावायची बंदी.