काळ्या मातीतली अश्वगंधा : माझा अनुभव

अश्वगंधेला हलकी, निचऱ्याची जमीन लागते. इंदूरजवळ सांवेरकडची आमची जमीन काळी, चिकण. म्हणून उताराचा, मुरमाड असा एकच एकर निवडला आणि तिथेही सपाट पेरलं नाही. वीतभर उंच गादीवाफे करून मधे पाणी काढायच्या चाऱ्या पाडल्या. हे पेरणीआधीच उरकावं, कारण माळव्यात सप्टेंबरातही जोराचा पाऊस येतो. पाणी एक दिवस साचलं की काल टवटवीत असलेलं रोप आज मातीलगत काळं, बारीक होऊन आडवं पडतं. मग औषध टाकून उपयोग नसतो. पेरण्यापूर्वी बियाण्याला किलोमागे ३ ग्रॅम थायरम हे बुरशीनाशक चोळून घेतलं तर ही मर बरीच कमी होते.

बियाणं मंदसौरला तयार झालेल्या जवाहर असगंध-२० या वाणाचं, एकरी ५ किलो. बी त्याच वर्षाचंच घ्यावं. जुनं नीट उगवत नाही. दाणा इतका बारीक की पाचपट वाळूत मिसळल्याशिवाय हातातून सारखा पडत नाही. एक सेंटिमीटरहून फारसं खोल गेलं तर वाफा रिकामाच दिसतो.

महिन्याभरात विरळणी. उपटताना जीव तुटतो, पण दाट ठेवलं की मूळ काडीसारखं राहतं. दोन रोपांत चार बोटं अंतर हवंच. युरियाचा मोह मात्र आवरा : पाला माजतो, मूळ पोसत नाही. पाणीही थंडीत एक-दोनदाच, हलकं.

ठिपक्यांचा हड्डा भुंगा पानांची चाळणी करतो. अळ्या पानाच्या खालच्या बाजूला असतात. लिटरमागे ५ मिली निंबोळी तेल, थोडा साबण घालून, संध्याकाळी पानं उलटून फवारावं.

फेब्रुवारीत पानं वाळली, फळं लाल झाली की काढणी. आमची खरी चूक इथे झाली. कोरड्या काळ्या मातीतून झाडं ओढली आणि मुळं अर्ध्यात तुटली. आधी हलकं पाणी द्यावं, वाफसा आला, म्हणजे माती ओलसर पण न चिकटणारी झाली, की कुदळीनं खणून काढावं. खोड एक-दोन सेंटिमीटर ठेवून छाटावं, मुळं धुवून ७ ते १० सेंटिमीटरचे तुकडे करावेत. मोडताना कट्‌ आवाज येईपर्यंत वाळवावं.

नीमचच्या मंडीत नेण्याआधी जाड, भरीव, आतून पांढरे तुकडे वेगळे काढा. बारीक तंतुमुळं त्यात मिसळली तर सगळ्या पोत्याला हलक्या मालाचा भाव लागतो.