सीडी लिहूनही फोल्डर बदलेना : माझा अनुभव

आजीच्या जात्यावरच्या ओव्या मामाने कॅसेटवरून कॉम्प्युटरवर घेतल्या होत्या. ४३ वेव्ह फाइली, डी ड्राइव्हवर 'ओव्या' फोल्डरमध्ये. सगळ्या भावंडांना पाठवायच्या म्हणून त्यांच्या एमपीथ्री करायच्या होत्या. त्यासाठी एफएफएमपेग हा आज्ञा टाइप करून चालवायचा प्रोग्रॅम उतरवून घेणं वगैरे पटकन झालं. अडलं ते त्या फोल्डरमध्ये शिरण्यापाशी.

स्टार्टमधून कमांड प्रॉम्प्ट (सीएमडी), म्हणजे विंडोजमधली आज्ञा टाइप करायची विंडो, उघडला की तो सी ड्राइव्हवर, आपल्या यूजरच्या फोल्डरमध्ये उघडतो. मला मिळालेल्या सूचनेत होतं, 'सीडी लिहा, पुढे फोल्डरचा पत्ता द्या.' सीडी म्हणजे फोल्डर बदलायची आज्ञा. पत्ता दिला. एंटर. एरर नाही, काही नाही, खालच्या ओळीत पुन्हा सी कोलन. स्पेलिंग तपासलं, पत्ता कॉपी-पेस्ट केला, विंडो बंद करून परत उघडली. दर वेळी सी कोलन. पत्ता चुकला असता तर 'पाथ सापडत नाही' असं तरी आलं असतं. काहीच येत नव्हतं, त्यामुळे शोधायचं कुठे तेच कळेना. साडेअकरा वाजले रात्रीचे. शेवटी नुसतं डी आणि कोलन टाइप करून एंटर मारलं, तर थेट ओव्यांच्याच फोल्डरमध्ये!

म्हणजे सीडीने काम केलेलं होतं. विंडोजच्या आधीच्या डॉसच्या काळापासून प्रत्येक ड्राइव्हचा चालू फोल्डर वेगळा लक्षात ठेवला जातो. सीडी तो बदलते, ड्राइव्ह बदलत नाही. दोन्ही एकदम हवं तर सीडी, स्पेस, स्लॅश डी, मग पत्ता. एवढं सूचनेत लिहायला काय हरकत होती? आपल्याकडे कितीतरी जणांच्या फाइली डीवरच असतात!

आता मी सीडीच्या वाटेलाच जात नाही. फोल्डर उघडायचा, वरच्या अॅड्रेस बारमधला पत्ता पुसून सीएमडी लिहायचं, एंटर. विंडो त्याच फोल्डरमध्ये उघडते. शेजारच्या सर्चच्या चौकटीत लिहू नका, तिथे शोध सुरू होतो. विंडोज ११ मध्ये रिकाम्या जागेवर राइट क्लिक केलं की 'ओपन इन टर्मिनल' येतं. १० मध्ये शिफ्ट दाबून राइट क्लिक करायचं. पण दोन्हीकडे सहसा उघडतं पॉवरशेल, म्हणजे आज्ञांची दुसरी, वेगळ्या भाषेची विंडो, आणि सगळ्या फाइली एकदम बदलायची माझी 'फॉर'ची ओळ सीएमडीची होती. त्या पॉवरशेलमध्येच सीएमडी लिहून एंटर दिलं की झालं, फोल्डर तोच राहतो. हो, आणि 'रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर' नको, तो सिस्टिम३२ मध्ये उघडतो.

पावणेबाराला पहिली ओवी मावशीला पाठवली. ती जागीच होती.