अडकलेल्या सीटपोस्टचे ३७ दिवस

जुनी पोलादी रोड सायकल पुन्हा रस्त्यावर आणायला मला एकूण अडीच महिने लागले. त्यांतले ३७ दिवस ॲल्युमिनियमच्या एका नळीने खाल्ले, आणि ती नळी जेमतेम वीतभर लांबीची होती. बाकीची कामे बिनबोभाट झाल्यामुळे त्यांच्याविषयी मला फारसे आठवतही नाही. सीटपोस्टचा, म्हणजे सीटला फ्रेममध्ये धरून ठेवणाऱ्या या नळीचा, विषय निघाला की मात्र माझा आवाज अजूनही चढतो, असे घरचे सांगतात.

सायकल घेताना मी नको ते बारकाईने पाहिले आणि हवे ते पाहिलेच नाही. रंग मूळचा होता, लग म्हणजे नळ्यांचे सांधे नाजूक कोरलेले होते, आणि डाउन ट्यूबच्या (पुढून पेडलांकडे उतरणाऱ्या तिरप्या नळीच्या) खालच्या अंगाला, हेड ट्यूबच्या (हँडलखालच्या पुढच्या उभ्या नळीच्या) मागे, कुठेही सुरकुती किंवा फुगवटा नव्हता. समोरून धडक बसलेल्या फ्रेमला तिथेच वळी पडते, त्यामुळे ही तपासणी करून मी स्वतःवर खूश होतो. मागच्या चाकासाठीची जागा १२६ मि.मी. भरली, म्हणजे फ्रेम सहा-सात गिअरच्या फ्रीव्हीलच्या, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या संचाच्या, काळातली होती. त्याआधीच्या पाच गिअरच्या फ्रेम्समध्ये ती १२० असते आणि आठ गिअरपासून पुढे १३० झाली. सीट वरखाली होते का, हे मी विचारले तेव्हा विकणारा म्हणाला, “थोडी घट्ट आहे, तेल टाकलंत की सुटेल.” मी मान डोलावली. ती मान डोलावण्याऐवजी पाना मागितला असता, तर हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती.

पहिल्या दोन संध्याकाळींत सगळी सायकल सुटी झाली. हँडलचा स्टेम, म्हणजे हँडल फ्रेमला जोडणारा दांडा, निघणार नाही अशी मला भीती होती, पण वरचा बोल्ट तीन-चार आटे सैल करून त्यावर लाकडाचा तुकडा ठेवून हातोडीचा एक ठोका दिला, तसा आतला खुंटा सुटला आणि स्टेम हातात आला. बॉटम ब्रॅकेटची, म्हणजे पेडलांचा आस ज्यात फिरतो त्या आडव्या नळीची, रुंदी आधी मोजावी. माझी ७० मि.मी. भरली, म्हणजे इटालियन आटे, आणि ते दोन्ही बाजूंना सरळच असतात. रुंदी ६८ भरली तर बहुधा इंग्लिश आटे निघतात, आणि त्यांत चेनच्या बाजूचा कप उलट्या आट्यांचा असतो. पेडलचेही तसेच आहे, डावे पेडल उलट्या आट्यांचे असते. हे ठाऊक नसलेला माणूस सोडवतोय असे समजून ते आणखी आवळत बसतो.

सीटपोस्टचा बोल्ट मी पूर्ण काढला, सीट दोन्ही हातांनी धरली आणि पिळली. काही हलले नाही. दुसऱ्यांदा पिळली तेव्हा सीटखालच्या तारा वाकल्या, पोस्ट होता तिथेच राहिला.

असे का होते, ते मी नंतर वाचले, आणि वाचल्यावर सायकलच्या आधीच्या मालकाचा राग अधिकच आला. फ्रेम पोलादाची, पोस्ट ॲल्युमिनियमचा, आणि दोन्हींमध्ये वर्षानुवर्षे झिरपलेले पावसाचे पाणी आणि घाम. दोन वेगळे धातू असे ओलाव्यात एकमेकांना टेकून राहिले की त्यांतले ॲल्युमिनियम झिजू लागते, आणि त्याच्यापासून तयार होणारी पांढरी भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते. नळीत जागा तर तेवढीच असते. त्यामुळे ती भुकटी पोस्टला चहूबाजूंनी पाचरीसारखी आवळत जाते. हे टाळायला नखभर ग्रीस पुरते. ते नखभर ग्रीस त्या गृहस्थांनी कधीच लावले नव्हते.

पहिले अकरा दिवस मी तेलावर काढले. रोज सकाळी लगच्या कडेवरून गंज सोडवणारे तेल थेंबथेंब सोडायचे, पान्याच्या मुठीने पोस्टवर हलकेच टकटक करायची आणि कामाला लागायचे. वरून तेल मुरत नाही असे वाटले, तेव्हा फ्रेम उलटी टांगून बॉटम ब्रॅकेटच्या भोकातून सीट ट्यूबमध्ये, म्हणजे पोस्ट ज्यात बसतो त्या नळीत, तेल ओतले. कल्पना चांगली होती आणि आजही मी तीच सुचवीन, फक्त त्या नळीवर बाटलीच्या पिंजऱ्याचे बोल्ट असतात आणि मी ते काढून ठेवलेले होते, हे विसरू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी फरशीवर तेलाचे तळे साचलेले होते.

नंतर एका दुरुस्तीवाल्याकडे फ्रेम नेली. त्याने ती चार दिवस ठेवून घेतली, एकदाही हात लावला नाही आणि पाचव्या दिवशी सांगितले की गॅसच्या ज्योतीने नळी लाल करावी लागेल. मूळचा रंग वाचवायचा म्हणून मी एवढी खटपट करत होतो आणि हा माणूस तो जाळायला निघाला होता. फ्रेम उचलून घरी आलो. तरीही उष्णतेची कल्पना डोक्यातून जाईना, म्हणून मीच गरम हवेच्या गनने लगच्या आसपासची नळी तापवली. हा शुद्ध मूर्खपणा होता. सारख्याच तापमानाला ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, आणि बाहेरची पातळ नळी तापली की आतला पोस्टही लगेच तापतो. म्हणजे मी पाचर आणखी फुगवत होतो. शहाणपण त्याच्या उलट करण्यात आहे, पोस्ट थंड करण्यात. मी पोस्टमध्ये बर्फ आणि मीठ ठासले, दर दहा मिनिटांनी पिळून पाहिले, आणि संध्याकाळभर बोटे बधिर करून घेतली. उपयोग झाला नाही, पण निदान नुकसान तरी झाले नाही.

पुढचा उपाय शिकंज्याचा. पोस्टचे वरचे डोके शिकंज्यात आवळायचे आणि उलटी फ्रेमच लांब पान्यासारखी धरून फिरवायची. एका हाताने हेड ट्यूब, दुसऱ्याने मागचे टोक, आणि हळूहळू वाढता जोर. इथे मी दोन चुका केल्या. पोस्ट आतून पोकळ असतो, त्यामुळे त्यात आधी घट्ट बसणारा लोखंडी दांडा किंवा लाकडी खुंटा घालावा लागतो. तो न घातल्यामुळे शिकंज्याने पोस्ट चेपून लंबगोल केला आणि पकड सुटू लागली. दुसरी चूक जोराची. तिसऱ्या प्रयत्नात ‘कर्र’ असा आवाज आला आणि मी आनंदाने ओरडलो, पण हलला होता तो शिकंजा, टेबलासकट. लगच्या कडेला केसाएवढी रेघ दिसली. ती रंगापुरतीच आहे की धातूत उतरली आहे, हे भिंगाखाली पाहीपर्यंत मला धीर नव्हता. रंगापुरतीच निघाली.

त्या रात्री फ्रेम वाकली तर नाही ना, म्हणून मी दोऱ्याने मोजणी केली. मागच्या एका टोकाला दोरा बांधायचा, तो हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या टोकाला ताणून बांधायचा, आणि सीट ट्यूबपासून दोन्ही बाजूंच्या दोऱ्यांचे अंतर मोजायचे. दोन्हींत १ मि.मी.पेक्षा कमी फरक होता. खरे म्हणजे ही मोजणी फ्रेम विकत घेतानाच करायला हवी होती. त्यासाठी दोरा आणि पट्टी एवढेच लागते.

कॉस्टिक सोड्याचाही सल्ला मिळाला होता. तो ॲल्युमिनियम विरघळवतो आणि पोलादाला फारसे काही करत नाही, हे खरे आहे. पण त्या क्रियेत हायड्रोजन वायू सुटतो, द्रावण तापून उसळते, डोळ्यांत गेले तर दृष्टी जाऊ शकते, आणि रंगावर एक ओघळ आला तरी रंग उतरतो. ज्यांना फ्रेम नव्याने रंगवायचीच आहे आणि जे गॉगल-हातमोजे घालून उघड्यावर काम करतील, त्यांनी विचार करावा. मी केला नाही.

मग उरली करवत. पोस्ट लगच्या वर दोन सेंटिमीटर ठेवून कापला, आणि हेक्सॉचे, म्हणजे धातू कापायच्या करवतीचे, नुसते पाते एका टोकाला कापड गुंडाळून हातात धरले. ते पोस्टच्या पोकळीत घालून आतून बाहेरच्या दिशेने, उभी चीर पाडायची होती. आत सुमारे ११ सेंटिमीटर पोस्ट होता. पात्याची हालचाल दोन-तीन सेंटिमीटरहून जास्त होत नव्हती, आणि किती खोल गेलो हे दिसत नव्हते. एक झटका जास्त बसला की चीर पोस्ट ओलांडून फ्रेमच्या नळीत उतरणार, आणि चांगल्या पोलादी नळीची भिंत जेमतेम मिलिमीटरभर जाडीची असते. तिसऱ्या संध्याकाळी मला कानाने कळू लागले. ॲल्युमिनियमवर पाते मऊ, घोगरे चालते; पोलादाला टेकताच आवाज पातळ आणि चिरका होतो. पडणारा किसही पाहावा, तो चकचकीत पांढरा असेपर्यंत आपण सुरक्षित असतो. दर पाच मिनिटांनी थांबून टॉर्च लावायचा, कीस फुंकायचा, पुन्हा सुरू करायचे. सहा संध्याकाळी, एकूण नऊ तास. हातमोजे न घातल्याने तळहाताला दोन फोड आले.

दुसरी चीर पहिलीपासून बोटभर अंतरावर पाडली, म्हणजे मधली पट्टी सुटी होते. अणकुचीदार पक्कडीने तिचे वरचे टोक आत वाकवले आणि ओढले. पट्टी एकदम सुटली नाही. आधी थोडी, मग अडकून, मग सबंध वेटोळे होऊन बाहेर आली. तिच्यामागोमाग पांढरी भुकटी माझ्या मांडीवर सांडली. तुरटी कुटल्यासारखी दिसणारी ती मूठभर धूळ ३७ दिवस मला अडवून बसली होती. पट्टीची जागा रिकामी झाल्यावर उरलेला पोस्ट आत दबू शकत होता. पक्कडीने त्याची कड धरून फिरवली आणि तो फिरला. मी तो लगेच बाहेर काढला नाही. दोन-तीन वेळा नुसताच डावी-उजवीकडे फिरवत बसलो.

पोस्टच्या खालच्या भागावर २७.२ हा आकडा कोरलेला होता. हा व्यास अंदाजाने ठरवू नये. जुन्या पोलादी फ्रेम्समध्ये नळीच्या जाडीप्रमाणे २७.०, २६.८, २६.४ असे व्यास सापडतात, आणि दोन दशांश मिलिमीटरने बारीक पोस्ट घालून बोल्ट आवळत राहिलात तर लगचे कान, म्हणजे बोल्ट ज्यांतून जातो ती टोके, वाकतात. मी आतली नळी बारीक पॉलिश पेपरने साफ केली, आणि ती सगळीकडे एकसारखी व्हावी म्हणून रीमर (नळी आतून तासणारे हत्यार) असलेल्या कारागिराकडून एकदा फिरवून घेतली. त्याने नळीत बोट घालून पाहिले आणि विचारले, “करवतीनं काढलात?” एका ठिकाणी पाते पोलादाला लागल्याचा ओरखडा त्याला जाणवला होता. खोल नाही, चालेल, असे तो म्हणाला. तो ओरखडा मला अजून खुपतो.

त्यापुढचे काम भराभर झाले. हबमधले छर्रे नवे घातले; ते काढताना प्रत्येक बाजूला किती होते हे लिहून ठेवावे, आणि सोडवण्याआधी प्रत्येक भागाचा फोटो काढावा, हे मी वरच लिहायला हवे होते. ब्रेकचे रबर जुने असेल तर ते कितीही शाबूत दिसो, बदलावे. काही वर्षांनी ते दगडासारखे होते. चेन मोजावी. कड्यांच्या बारा जोड्या नव्या चेनमध्ये ३०४.८ मि.मी. भरतात, आणि दीड मिलिमीटरने वाढल्या असतील तर ती टाकून द्यावी, नाहीतर ती फ्रीव्हीलही खाते. चाकांचा आउट, म्हणजे फिरतानाची डगमग, काढला. गिअर मात्र मी मूळचेच ठेवले, डाउन ट्यूबवरच्या बिनठोक्याच्या लिव्हर्ससकट. इटलीतल्या तोस्कानात १९९७ पासून भरणाऱ्या ‘लेरोइका’ या जुन्या सायकलींच्या फेरीत १९८७ च्या आधीच्या सायकली चालवतात, आणि तिथे गिअरच्या लिव्हर्स डाउन ट्यूबवर, ब्रेकच्या केबल्स हँडलवरून उघड्या आणि पेडलला टो-क्लिप (पाऊल धरून ठेवणाऱ्या पकडी) असाव्या लागतात. मी तिथे जाणार नाही, पण सायकल त्या नियमांत बसते याचे मला उगाचच समाधान आहे.

पहिल्या फेरीत गिअर बदलताना दोनदा चेन मधल्याच दातांवर खडखडली, कारण या लिव्हर्सना ठरलेले थांबे नसतात आणि आवाज ऐकून बोटाने नेमकी जागा शोधावी लागते. तिसऱ्यांदा ती गप्प बसली. चढावर उभे राहून पेडल मारले तेव्हा फ्रेम किंचित दबून परत उभी राहिल्यासारखी वाटली, आणि खडबडीत रस्त्यावर हँडलमध्ये जो हादरा यायला हवा होता तो निम्माच आला. घरी येऊन मी आधी सीटपोस्टचा बोल्ट सैल केला आणि पोस्ट बाहेर ओढून पाहिला. निघाला. पुसून, नवे ग्रीस लावून, टेपच्या खुणेपर्यंत परत बसवला. आता दर तीन महिन्यांनी हे करतो, आणि प्रत्येक वेळी तो पहिल्याच पिळ्याला सुटेपर्यंत माझा श्वास थोडा अडकलेला असतो.