जेड : आधी पान दाबून पाहावे, मग पाणी द्यावे

जेड या जाड, रसाळ पानांच्या झाडाला पाणी हवे आहे की नाही, हे त्याच्या सर्वांत खालच्या पानांवरून कळते. त्यांपैकी एक पान अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरून हलकेच दाबावे. ते टणक लागले तर झारी जागेवर ठेवावी. मऊ पडले असेल आणि सालीवर बारीक सुरकुत्या दिसत असतील, तरच कुंडीच्या तळातून वाहीपर्यंत पाणी द्यावे आणि मग माती आतपर्यंत वाळू द्यावी. हे उमजण्यापूर्वी माझे एक झाड गेले. मी दिवसाआड थोडे थोडे पाणी घालत असे. पाने पिवळट, पाणचट होऊन नुसत्या स्पर्शाने गळू लागली, तेव्हा झाड तहानले आहे असे समजून मी पाणी वाढवले. अखेर कुंडी उपडी केली, तर मुळांच्या जागी तपकिरी लगदा होता आणि खोडाच्या बुडाला कुजका वास येत होता.

क्रॅसुला ओव्हाटा हे याचे शास्त्रीय नाव. दक्षिण आफ्रिकेतील ईस्टर्न केप आणि क्वाझुलू-नाताल या प्रांतांत आणि मोझांबिकमध्ये, खडकाळ उतारांवर हे झुडूप आपोआप वाढते आणि पुरुषभर उंचही होते. तिथे पाणी पडते आणि निघून जाते; मुळांपाशी ते साचून राहण्याची या झाडाला सवयच नाही. दिवसा पानांची रंध्रे मिटलेली ठेवायची, रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड आत घ्यायचा आणि तो आम्लाच्या रूपात साठवून दिवसाच्या उजेडात वापरायचा, ही त्याची पाणी वाचवण्याची पद्धत आहे. याच कुळातल्या पानफुटीची पाने सकाळी आंबट लागतात आणि दुपारपर्यंत त्यांचा आंबटपणा ओसरतो, हे वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हेन यांनी 1815 मध्ये नोंदवले होते. त्यामागे हेच कारण आहे.

म्हणून जेड लावताना माझे निम्मे लक्ष मातीकडे असते. नुसत्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुश्यात, लावलेले रोप मी घरी आणल्यावर काही दिवसांतच मोकळ्या मिश्रणात हलवते. साधी बागेची माती एक भाग, जाडसर वाळू किंवा बारीक खडी एक भाग आणि त्यात मूठभर चांगले कुजलेले खत एवढे पुरते. मूठ आवळून सोडल्यावर या मिश्रणाचा गोळा टिकला, तर आणखी खडी घालावी. कुंडी मातीची, तळाला भोक असलेली आणि मुळांपेक्षा थोडीच मोठी असावी, कारण मोठ्या कुंडीतली जास्तीची माती मुळांना पिता न येणारे पाणी धरून ठेवते. शिवाय फांद्यांचा भार वाढला की हलकी प्लास्टिकची कुंडी कलंडते. बागेत लावायचे असेल तर जागा उंचवट्याची निवडावी आणि जिथे हिमतुषार पडतो तिथे कुंडीच बरी, कारण पानांतले पाणी गोठले की पेशी फुटतात.

उजेड भरपूर हवा. सकाळचे ऊन मिळाले की पानांच्या कडा लालसर होतात आणि फांद्या आखूड, भरीव वाढतात. अंधाऱ्या कोपऱ्यात पेरे लांबतात आणि झाड वाकते. मात्र सावलीतले झाड एकदम कडक उन्हात ठेवले तर पाने भाजतात, तेव्हा सवय हळूहळू लावावी.

छाटणीचे काम मला सर्वांत आवडते. खोड जवळून पाहिले तर त्यावर आडव्या तपकिरी रेषांची वलये दिसतात. जुनी पाने जिथून गळली, त्या या खुणा. वलयाच्या किंचित वर कापले की उरलेला तुकडा वलयापर्यंत सुकून आपोआप गळतो आणि तिथून बहुधा दोन फुटवे येतात. अशा छाटणीने साध्या रोपाचे वृक्षासारखे झुडूप होते.

रोपवाटिकेत जेड म्हणून पुष्कळदा पोर्तुलाकारिया आफ्रा मिळते. तिची पाने लहान आणि पातळ, कोवळ्या फांद्या तांबूस असतात. तीही सुंदर आहे, पण ती वेगळ्या कुळातली. खऱ्या जेडच्या पानांवर कधी पांढरे बारीक ठिपके दिसतात. ते पानातून पाझरलेल्या पाण्यातले क्षार असतात आणि ओल्या फडक्याने पुसले जातात. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके दिसले तर मात्र तो पिठ्या ढेकूण, तो कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन टिपून काढावा. मांजर किंवा कुत्रा असलेल्या घरात हे झाड त्यांच्या तोंडापासून दूर ठेवावे, कारण ते त्यांना विषारी आहे.

त्या कुजलेल्या झाडाच्या शेंड्याकडच्या दोन फांद्या अजून टणक होत्या. त्या मी निरोगी भागापर्यंत कापल्या आणि सावलीत, पाण्याविना, कागदावर ठेवून दिल्या. आठवड्याभराने कापलेल्या जागी कोरडी खपली धरली, तेव्हा त्या जेमतेम ओलसर वाळूत टोचल्या. तिसऱ्या आठवड्यात एक फांदी हळूच ओढून पाहिली, तर ती हलली नाही.