मांडीवरचे वळ

"याला कोणीतरी पट्ट्याने मारलंय, डॉक्टर. सांगत नाहीये. तुम्हीच विचारा."

वागळे इस्टेटमधल्या माझ्या दवाखान्यात, जुलैच्या धो धो पावसात, एक आई सतरा वर्षांच्या मुलाला जवळजवळ ओढतच घेऊन आली. पोरगा कबड्डी खेळणारा, चांगला दणकट, पण मान वर करेना. ताईंना पडद्याबाहेर बसवलं.

दोन्ही जांघांपासून खाली मांडीच्या आतल्या बाजूला जांभळट लाल पट्टे. वळच वाटावेत असे. आईचं काही चुकलं नव्हतं. पण वळ सुजून वर येतो. इथे बोट फिरवलं तर आत दबत होतं. कातडी ओल्या कागदासारखी पातळ झालेली आणि कडेला नायट्याचा पुसट कोंडा.

"काय लावतोस?"

बराच वेळ गप्प. मग खिशातून पिळून पिळून चपटी झालेली ट्यूब काढली. सात महिने लावत होता. पहिली ट्यूब टीममधल्या मित्राने दिली, पुढच्या त्याने मेडिकलमधून स्वतःच आणल्या. चिठ्ठी कोणी मागितली नाही. बारीक अक्षरांत तीन-चार औषधं, त्यात क्लोबेटासॉल. स्टिरॉइड मलमांमधल्या सर्वांत जहाल गटातलं.

ताईंना आत बोलावलं आणि कागदावर कातडीचे थर काढून दाखवले. वर बाह्यत्वचा. तिच्या तळाशी नव्या पेशी बनतात, साधारण महिनाभरात वर सरकतात, मरतात, झडून जातात. नायट्याची बुरशी या मेलेल्या थरातलं केराटिन नावाचं प्रथिन खाऊन जगते. लाली आणि खाज येते ती शरीर तिच्याशी झुंजतं म्हणून. स्टिरॉइड ती झुंजच थांबवतं. दोन दिवसांत खाज जाते, पोराला वाटतं गुण आला, आणि बुरशी मोकाट पसरते. ट्यूब बंद केली की खाज दुपटीने उसळते, म्हणून परत ट्यूब. तेच औषध खाली अंतस्त्वचेतही मुरतं. तिथल्या कोलॅजनच्या धाग्यांवर कातडीची ताकद असते. ते नवे बनायचे थांबतात. जांघेची कातडी मुळातच पातळ, त्यात घाम आणि घट्ट कपडे, म्हणजे औषध जास्तच मुरणार. वाढत्या वयात मांडी भरली आणि आतली वीण उसवली. तेच हे पट्टे.

बोथट ब्लेडने कोंडा खरवडला, काचेवर घेऊन पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला, थोडं थांबलो. मायक्रोस्कोपमध्ये बुरशीचे फांद्या फुटलेले तंतू गच्च भरलेले. ताईंनीही डोळा लावला. बराच वेळ बघत राहिल्या.

"मला सांगायचंस ना रे."

"तिथलं कसं सांगू, आई?"

यावर माझ्याकडेही उत्तर नव्हतं. आपल्या घरांत जांघेतला नायटा बोलायचा विषयच नसतो, आणि मेडिकलवाला काही विचारत नाही. या ट्यूबचा राग मला रोज येतो.

पोटात घ्यायच्या गोळ्या दिल्या, बुरशीवरचं साधं मलम दिलं. टॉवेल वेगळा, पावसाळ्यात चड्ड्या इस्त्री करून घालायच्या, घरात कोणाला खाज असेल तर त्यांनाही घेऊन या म्हणालो. उठता उठता त्याने विचारलं, "खेळताना दिसतील का हे?" रंग उतरून पांढरट होतील, पण पूर्ण जाणार नाहीत. खोटं सांगवलं नाही.

दोन महिन्यांनी काच स्वच्छ निघाली. त्या दिवशी तो एकटा आला नव्हता. बाहेर बाकावर टीममधली दोन पोरं बसली होती, एकाच्या मुठीत तीच ट्यूब.