नववं प्यादं

रविवार, रात्री साडेदहा

आज ताईची लेक, वय महिने १०, चमचा घेऊन माझ्यासमोर बसली होती. चमचा पुढे करायची, मी हात पसरला की झटकन मागे. परत पुढे, परत मागे, आणि मागे घेतला रे घेतला की लगेच माझ्या तोंडाकडे बघायची, आता याचं काय होतंय म्हणून. बोलता येत नाही, धड उभं राहता येत नाही, पण खोडी काढता येते बाईंना!

मग मोबाईलवर वाचत बसलो. मुलं म्हणे साधारण आठव्या-नवव्या महिन्यापासून हे देतो-देतो करून हुलकावणी देणं सुरू करतात. आणि मोठे वानर, म्हणजे चिंपांझी, बोनोबो, गोरिला आणि ओरांगउटान ही मंडळी, त्यांचे ७५ तासांचे व्हिडिओ बघून २०२४ मध्ये संशोधकांनी खोड्यांचे १८ प्रकार लिहून काढलेत. त्यातही हेच, टोचायचं, ढकलायचं आणि समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत थांबायचं. त्याने लक्ष नाही दिलं तर परत टोचायचं.

हे वाचताना मला मामा आठवला, माझा मामा. (आता मीही मामाच आहे, पण त्या पोस्टला मी अजिबात शोभत नाही.)

लहानपणी आम्ही बुद्धिबळ खेळायचो. माझी नजर जरा हटली की तो पटावर काहीतरी करायचा, पण स्वतःच्या फायद्याचं नाही, माझ्या! माझा उंट जरा बऱ्या घरात सरकवून ठेवायचा आणि मी आपला खूश, काय भारी खेळतोय मी. एकदा असाच दहाबारा चाली जोरात होतो तर हा अगदी सरळ चेहऱ्याने म्हणतो, "काय रे, तुझी नऊ प्यादी कधीपासून आहेत?" मी मोजली. नऊ! वर बघितलं तर तोंड एकदम गंभीर, ओठ घट्ट मिटलेले, आणि डोळे मात्र नुसते हसतायत. ड्युशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८६२ मध्येच लिहून ठेवलंय की ओठ आपलं ऐकतात, डोळ्यांभोवतीचा स्नायू मात्र खरा आनंद झाला तरच हलतो. आपण फोटोत ओठ हसवतो आणि डोळे तसेच राहतात, मामाचं बरोबर उलटं.

मिश्कील म्हणतात ते हे. वात्रट वेगळा, टवाळ वेगळा, आणि कुचकट तर फारच वेगळा. कुचकट माणूस बोलून झालं की बाकीच्यांकडे बघतो, कोण कोण हसलं ते. मामा फक्त माझ्याकडे बघायचा, मी रडकुंडीला आलो असतो तर त्याने तिथल्या तिथे खेळ थांबवला असता याची मला खात्री आहे.

माझं काय झालं ते लिहूनच टाकतो. दोन वर्षांपूर्वी ऑफिसात मला पण वाटलं आपण जरा मजा करावी, म्हणून शेजारच्याचा फोन त्याच्याच ड्रॉवरमध्ये लपवला आणि मान खाली घालून काम करत बसलो, हसू दिसू नये म्हणून. तो बिचारा वडिलांच्या रिपोर्टच्या फोनची वाट बघत होता. पाचएक मिनिटं शोधत होता, घामाघूम, आणि मी एकदाही वर बघितलं नाही. बघितलं असतं तर पहिल्या दहा सेकंदांतच फोन काढून दिला असता. तो अजून बोलतो माझ्याशी, पण कामापुरतं. दहा महिन्यांच्या पोरीला जे कळतं ते मला पस्तिशीत कळलं नव्हतं.

संध्याकाळी मामाला फोन लावला. चमच्याचं सांगितलं, तो खूश झाला, म्हणाला, "माझ्यावर गेलीय." मग मी विचारलंच, ते नववं प्यादं आणलं कुठून होतंस? आमच्या डब्यात तर दोन्ही रंगांची बरोबर आठ आठच होती.

"कुठलं प्यादं?" म्हणाला, इतक्या साळसूद आवाजात की मला क्षणभर वाटलं खरंच विसरला की काय. फोनवर डोळे दिसत नाहीत ना.